अब्बांची जीप आणि सालप्याचा घाट

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की मी आठ-दहा दिवस माहेरी, लोणंदला जाते. साताऱ्याहून निघालं की वाठार, आदर्की आणि मग सालप्याचा घाट. घाट उतरून लोणंद जवळ आलं की आधी गाव दिसत नाही, आधी कांद्याचा वास येतो. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत बाजार समितीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे आपली एसटी हळूहळू सरकत राहते आणि खिडकीतून लाल टरफलं आत उडून येतात. सासरी कोणी विचारलं, "तुमच्या लोणंदला बघण्यासारखं काय?" तर मला पटकन काही सांगता येत नाही. पुणे-मिरज लाइनीवरचं स्टेशन आहे, तिथून आता फलटणलाही रेल्वे जाते. नीरा उजवा कालवा आहे. आषाढी वारीत माऊलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, तेव्हा पहिला मुक्काम लोणंदला असतो. बाकी दुकानं, वखारी, गॅरेजं. यंदाची माझी सुट्टी त्यातल्याच एका गॅरेजात गेली.

झालं असं की भाईजानचा फोन आला. "अब्बांची जीप भंगारात देतोय. पोरगा ऐकत नाही. तू ये आणि आमच्या दोघांपैकी एकाला समजाव."

पोरगा म्हणजे माझा भाचा. वय १९, आयटीआयचा विद्यार्थी. त्याला जीप विकायची नव्हती, तिचं रूप पालटायचं होतं. रुंद टायर, पुढे लोखंडी बंपर, टपावर एलईडीची लांब पट्टी, आणि बॉनेटखाली जुनं इंजिन काढून बोलेरोचं टर्बो इंजिन. चिखलात आणि डोंगरात जीप चालवायच्या स्पर्धा तो मोबाइलवर बघतो. भाईजानचं म्हणणं सरळ होतं, की सहा वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी आता लोखंडाच्या भावातच जाणार.

आणि अम्मी? अम्मी काहीच बोलली नाही. ती त्या जीपमध्ये गेली पंधरा वर्षं बसलेली नाही.

जीप आहे महिंद्राची एमएम ५४०, अब्बांनी १९८९ साली घेतलेली. अब्बांचा बारदानाचा व्यवसाय. कांद्याच्या हंगामात रिकामी पोती गावोगावी पोचवायची म्हणजे रस्ता नसेल तिथेही जाणारी गाडी लागायची. दिवसा बारदान, रात्री मोहल्ल्यातलं कोणी आजारी, आणि लग्नसराईत नवरदेव. हिचं डिझेल इंजिन प्युजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे बनायचं. २,११२ सीसी, ताकद बेताची, आवाज भरपूर. थंडीत पहाटे चालू करायची तर आधी हीटर प्लग तापू द्यावे लागत. अब्बा चावी अर्धी फिरवून मनातल्या मनात मोजत थांबायचे, आणि आम्ही मागे दप्तरं घेऊन कुडकुडत बसायचो.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण अब्बा ती प्रत्येक पाहुण्याला सांगत. ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. महिंद्रा बंधूंसोबत मलिक गुलाम मोहम्मद भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. दुसरा 'एम' तसाच राहिला, फक्त माणूस बदलला, असं म्हणून अब्बा बॉनेटवर हलकेच थाप मारायचे.

आता पंधरा वर्षांपूर्वीची ती रात्र. साताऱ्याहून खालाच्या घरचं लग्न उरकून सगळे परतत होते. पुढे अब्बा आणि अम्मी, अम्मीच्या मांडीवर चार वर्षांचा हा भाचा झोपलेला, मागे भाईजान, भाभी आणि मी. सालप्याच्या घाटात उतारावर अचानक जळक्या रबराचा वास आला, मग डॅशबोर्डखालून धूर. अब्बांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, स्टॉपची खुंटी ओढून इंजिन बंद केलं, चावी काढून हातात घेतली. तरी धूर थांबेना. चावी हातात, इंजिन बंद आणि वायर जळतेच आहे, हे कोणालाच कळेना. बॉनेट उघडलं तर आत लाल झालेली एक तार. बॅटरीची पट्टी काढायला पाना हवा, पाना मागच्या सीटखाली, सीटवर आहेराची भांडी. शेवटी अब्बांनी ती तार हातानेच उपटली. अम्मी पदरातून माती आणून टाकत होती. अब्बांच्या तळहातावर तिरकी जळाल्याची खूण राहिली. नमाजसाठी हात बांधले की ती झाकली जायची आणि दुआला हात उचलले की दिसायची.

कारण नंतर समजलं. काही दिवसांपूर्वी परगावच्या एका दुकानात अब्बांनी मोठ्या आवाजाचे जोडीचे हॉर्न बसवून घेतले होते. दुकानदाराने वायर थेट बॅटरीवरून घेतली. मध्ये फ्यूज नाही, चावीशी संबंध नाही. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतली आणि त्या भोकाला रबरी बूच लावलं नाही. जीप धडधडत चालते. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरीचं आवरण गेलं, तांबं पत्र्याला टेकलं. पत्रा म्हणजे अर्थ. बॅटरीतली सगळी ताकद त्या एका वायरीतून वाहायला लागली.

तेव्हा ठिगळ लावून गाडी पुन्हा सुरू झाली आणि अब्बांनी ती पुढे नऊ वर्षं वापरली. अम्मी मात्र त्यानंतर एसटीनेच गेली, आणि तिने कधी कारण सांगितलं नाही.

मी भाच्याला एवढंच म्हटलं, "टायर, बंपर, पट्टी नंतर बघू. आधी उस्तादांना विचार, दादी हिच्यात बसेल असं करता येतं का?"

उस्ताद म्हणजे आमच्या गावातले गाड्यांच्या वायरिंगचे जुने कारागीर. पासष्टीच्या पुढचे, शिक्षण चौथीपर्यंत, उर्दू शाळेत. पत्र्याचं शेड, दारात कडुलिंब, आत तीन पोरं शिकाऊ. पालखीच्या दिवसांत शेड रात्रभर उघडं असतं, कारण दिंड्यांच्या ट्रकांची वायरिंग त्याच वेळी दगा देते. मंडपाचे दिवे, भोंगा, मोबाइल चार्जिंगचे बोर्ड, सगळं बॅटरीवर थेट जोडलेलं. "आपल्या अब्बांच्या हॉर्नसारखं," उस्ताद म्हणाले. "वारकऱ्यांच्या ट्रकला मी आधी फ्यूज लावतो, मग दिवा. दहा रुपयांची वस्तू आहे, बाजी. पण लोक म्हणतात, दिवा तर लागतोय, मग कशाला?"

मला प्लास्टिकचं स्टूल मिळालं आणि मी बसले. पहिल्या दिवशी येणारी-जाणारी माणसं बघायची, गॅरेजात बाई काय करते. दुसऱ्या दिवसापासून चहा तीनऐवजी चार कप येऊ लागला, एवढाच फरक.

बॉनेट उघडल्यावर जे दिसलं त्याला वायरिंग म्हणणं धाडसाचं होतं. पस्तीस वर्षांत जो जो हात लागला त्याने आपली एक तार वाढवली होती. पिवळ्याला निळी, निळ्याला टेलिफोनची, त्यावर काळी टेप, टेपवर धूळ आणि डिझेल. आवरण बोटाने वाकवलं की पापडासारखं मोडायचं. उस्तादांनी काही तोडलं नाही. आधी हेडलाइट लावले आणि मीटर घेतला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, दिव्याच्या मागे १०.३.

"बाकीचे कुठे गेले?" त्यांनी भाच्याला विचारलं.

भाचा गप्प. आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की तो तास माझ्याकडे येतो, त्यामुळे मला उत्तर येत होतं. पण मीही गप्प राहिले. खरं सांगायचं तर नववीच्या फळ्यावर मी ओहमचा नियम कित्येकदा लिहिला आहे, पण हरवलेले व्होल्ट असे शोधताना कधी कोणाला बघितलं नव्हतं.

हिशेब असा आहे. दोन हेडलाइट, प्रत्येकी ६० वॅट, मिळून १२०. बारा व्होल्टने भागलं की १० अँपिअर. जुन्या जीपमध्ये हा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या बटणात, तिथून डिपरमध्ये आणि परत पुढे दिव्यापर्यंत बारीक वायरीतून फिरतो. वायर लांब आणि बारीक, बटणाचे पॉइंट काळे पडलेले, जोड गंजलेले. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्ट उष्णता होऊन जातो. व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने घटलं होतं, पण बल्बचा उजेड त्याहून फार झपाट्याने घटतो, जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे अब्बा इतकी वर्षं निम्म्या उजेडात घाट उतरत होते, आणि आम्ही समजत होतो त्यांची नजर कमी झाली.

यावर उपाय रिले. काडेपेटीहून लहान डबी. बटणातून तिला नुसता इशारा जातो, अगदी थोडा करंट. मुख्य करंट बॅटरीवरून फ्यूजमधून, जाड आणि आखूड वायरीने थेट दिव्याला. बटण जळत नाही, डॅशबोर्ड तापत नाही. भाच्याने हे आयटीआयमध्ये शिकलं होतं, पण तिथे ते लाकडी बोर्डवर होतं.

तिसऱ्या दिवशी दोघांत वाद झाला. उस्ताद जोड डाग देऊन, म्हणजे कथिलाने करतात, चाळीस वर्षांची सवय. भाचा म्हणाला, हलणाऱ्या गाडीत डागाच्या पुढची वायर ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. लग दाबून बसवावा आणि वर स्लीव्ह चढवून गरम करावी. उस्तादांनी चष्मा काढला, जुन्या ढिगातले स्वतःचेच दोन डाग शोधले, वाकवून बघितले. एक तुटला. "चल, दाबून कर," म्हणाले आणि आत जाऊन लग दाबायचा पाना घेऊन आले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत इतक्या पटकन कोणी मत बदललेलं मला आठवत नाही.

अर्थच्या पट्ट्या मात्र उस्तादांनी दुसऱ्या कोणाला करू दिल्या नाहीत. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून त्याच्यापासून चेसीपर्यंत जाड पट्टी लागते. ती गंजली तर सेल्फ मारताना लागणारा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो. एका टेम्पोत त्याने ॲक्सिलरेटरच्या केबलची वाट धरली होती आणि केबल धूर सोडायला लागली होती. ड्रायव्हर केबल बदलत राहिला, तीनदा. दोष पट्टीचा होता. उस्तादांनी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, तिथे पट्टी कसली, वर ग्रीस लावलं.

बॉनेटखालच्या बाकी गोष्टी भराभर झाल्या. डिझेलच्या तडकलेल्या रबरी नळ्या बदलल्या. एक्झॉस्टच्या बाजूने जाणारी सगळी वायरिंग दुसऱ्या बाजूला नेली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा घातला. बॅटरी दोरीने बांधलेली होती, तिला क्लॅम्प आला. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी बूच बसलं. भाच्याला बेल्टवरचा पंखा काढून विजेचा बसवायचा होता. उस्ताद म्हणाले, पट्टा तुटला तर घाटात पट्टा बदलशील, मोटर जळली तर काय बदलशील? पंखा होता तोच राहिला.

आणि इंजिन. इथे मी शाळामास्तरीण झाले. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की आरसीवर लिहिलेलं आणि कंपनीने ठरवलेलं यापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिनचा नंबर आरसीवर असतो. आरटीओच्या परवानगीशिवाय दुसरं इंजिन घातलं तर गाडीचे कागद आणि गाडी यांचा मेळ राहत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. स्पर्धेच्या मैदानात चालणाऱ्या गाड्यांचं वेगळं असेल, आपली गाडी अम्मीला घेऊन रस्त्यावर जाणार आहे. भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्यानेच प्युजोचं इंजिन उघडून रिंगा आणि पॅकिंग बदलायला घेतलं. टपावरच्या पट्टीचा हिशेबही त्याने स्वतः केला: १२० वॅट म्हणजे अजून १० अँपिअर, शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड. पट्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. बंपरचं अजून निघतं.

आता माझ्या वाट्याच्या कामाचं सांगते. उस्ताद प्रत्येक वायरीच्या टोकाला पांढऱ्या टेपचं शेपूट लावून त्यावर उर्दू अक्षर लिहितात. सीन म्हणजे सेल्फ, हे म्हणजे हॉर्न, चे म्हणजे चार्जिंग. शिकाऊ पोरांत एक मराठा मुलगा आहे, तोही ही अक्षरं झरझर वाचतो, उजवीकडून डावीकडे. मला फार मौज वाटली. पण पाचव्या दिवशी दोन 'बे' निघाले. एक बॅटरी, एक बत्ती. उस्ताद म्हणाले, ज्याच्याखाली रेघ आहे ती बॅटरी. भाच्याला वाटलं होतं रेघवाली बत्ती. त्याने ती जोडलीही होती, फ्यूजच्या अलीकडे. म्हणजे पुन्हा एक वायर, थेट बॅटरीवर, बिनफ्यूजची. पंधरा वर्षांपूर्वीचीच चूक, त्याच गाडीत, त्याच माणसाच्या नातवाच्या हातून होत होती, आणि ती करताना त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या हॉर्नवाल्या दुकानदाराच्या मनात तरी कुठे होतं?

मी वही काढली. फ्यूजच्या डबीपासून सुरुवात केली आणि प्रत्येक वायरीचा रंग, कुठून निघते, कुठे जाते, किती अँपिअरचा फ्यूज, सगळं लिहून घेतलं. उस्ताद सांगत, भाचा हाताने वायर धरून दाखवत. फ्यूजचा आकडा कसा ठरवायचा हे मी इथेच शिकले. मला वाटायचं फ्यूज दिव्याला वाचवतो. उस्ताद म्हणाले, "दिवा गेला तर जाऊ दे. फ्यूज वायरीसाठी असतो. वायर जेवढं सोसते त्याच्या आत फ्यूज जळला पाहिजे. आणि तो बॅटरीच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. फ्यूजच्या अलीकडे घासली तर त्या वायरीला कोणी वाली नाही."

मराठीच्या पुस्तकात विद्युतधारा आणि रोध आहे, उर्दूच्या पुस्तकात बर्की रौ आणि मुजाहमत. शेडमध्ये करंट आणि 'वाट अरुंद पडते'. मी नकाशा मराठीत आणि उर्दूत काढला, पण शब्द शेडमधले ठेवले. दोन प्रती लॅमिनेट केल्या. एक बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली, एक आरसीच्या पाकिटात. उद्या ही गाडी फलटणच्या नाहीतर साताऱ्याच्या कारागिराने उघडली तरी त्याला अंदाजाने तार कापावी लागू नये. उस्तादांनी ती बराच वेळ वाचली आणि 'बे'च्या पुढे पूर्ण शब्द लिहिलेला बघून म्हणाले, "असंच पाहिजे होतं. मी शिकलो असतो तर मीच केलं असतं." मग त्यांनी आणखी एक प्रत मागून घेतली, पोरांना दाखवायला.

शेवटचं काम ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली. तिथे बॅटरी तोडणारं मोठं बटण बसवलं, लाल प्लास्टिकची चावी असलेलं. ती फिरवली की बॅटरीचा गाडीशी संबंध संपला; पाना नको, सीट उचलायला नको. चालू इंजिनवर फिरवली तर अल्टरनेटर खराब होऊ शकतो, म्हणून क्रम ठरला: आधी स्टॉपची खुंटी, मग लाल चावी. "पण घाबरून क्रम चुकला तर चुकू दे," उस्ताद म्हणाले. "अल्टरनेटर बाजारात मिळतो."

माझ्या सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी मगरिबनंतर भाच्याने जीप दारात आणली. मला साताऱ्याला सोडायचं होतं. अम्मी ओट्यावर बसली होती. मी काही बोलले नाही, भाईजानही नाही. अम्मीच उठली, चष्मा घातला आणि बॉनेट उघडायला लावलं. आतला कागद तिने बोट फिरवून वाचला, उर्दूची बाजू, सगळाच्या सगळा. मग विचारलं, "पाना कुठे आहे?"

"पाना लागत नाही, दादी." भाच्याने लाल चावी दाखवली. तिने ती फिरवून बघितली. दिवे गेले. परत फिरवली, आले. पुन्हा एकदा. मग आत जाऊन दाराला कडी लावून आली आणि पुढच्या सीटवर बसली.

सालप्याच्या घाटात पोचेपर्यंत पूर्ण अंधार झाला होता. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड दूरपर्यंत दिसत होते, वळणाच्या पलीकडची झाडंसुद्धा. अम्मीचा उजवा हात सीटच्या कडेला, चावीवर होता. ती जागा आली तेव्हा भाच्याला कोणी सांगितलं नाही, तो आपला गिअर बदलत राहिला.

आदर्कीजवळ तिने हात वर घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्यांच्या वेळी एवढं दिसत नव्हतं."